ढेऱ्यांच्या जोडीला कोसंबी वाचाच
लोकदेवतांवर काय वाचावं या प्रश्नावर कोणीतरी रा. चिं. ढेरे या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' सुचवलंय, एकदम मान्य, पण जोडीला दामोदर कोसंबींचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) नक्की घ्या. मूळचे गोव्याचे, पेशाने गणितज्ञ, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी शोधत फिरायचे आणि त्याच वाटांवर त्यांना अश्मयुगातली दगडी पाती सापडायची, पार नखाएवढी! म्हणजे गावाबाहेरच्या कित्येक देवी नांगरटीच्या आधीच्या भटक्या लोकांच्या वाटांवर बसल्यात, असं ते मांडतात. सगळंच पटेल असं नाही, काही ठिकाणी पुराव्यापेक्षा लांब उडी वाटते मला, पण रानात फिरून असा धर्माभ्यास करणारं दुसरं कोण होतं तेव्हा? चव्हाट्यावरच्या मातृदेवतांचं प्रकरण आधी वाचा, बाकीचं निवांत.