सुशीचे पैसे कशाचे? हाताचे, माशाचे की जागेचे?

निशिगंध:
काल 'पैपै' यांनी वांद्र्यातल्या एका जपानी रेस्टॉरंटबद्दल लिहिलं: "दोघांचे साडेपाच हजार. गार भातावर कच्च्या माशाची चकती, तीही खारट. घरी येऊन वरणभात खाल्ला." खाली सगळे टाळ्या पिटताहेत, म्हणून राहवलं नाही. निगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या सुशीचा, भात गार नसतो हो, अंगाच्या उबेइतका कोमट ठेवतात. काउंटरला बसून शेफचे हात बघा. ओल्या बोटांनी भात असा दाबतो की उचलताना सुटत नाही आणि तोंडात गेल्यावर शीत न् शीत मोकळं होतं. हे जमायला वर्षं जातात, पैसे त्या हाताचे. आणि भाताची बाजू सोया सॉसमध्ये बुडवली तर खारट लागणारच, फक्त मासा टेकवायचा असतो. पोट भरायचं तर थाळी आहेच की.

पैपै:
माझ्या रोलवर मेयोनीज आणि तिखट सॉसची नक्षी होती. त्याखाली भात कुणी कसा दाबला ते काय कळणार? वसाबी (जपानी तिखट चटणी) म्हणून जी हिरवी गोळी देतात ती बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, मोहरी आणि रंग. वर बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला! तो सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्येच सांगितलंय. काढा म्हटलं तर मॅनेजर चारचौघांत वाद घालायला लागला. बायको शाकाहारी, तिला काकडीच्या गुंडाळीचे सातशे.

निशिगंध:
काकडीचा रोल अस्सल जपानी आहे, कप्पामाकी. सातशे जास्तच आहेत, ते मान्य.

डोलकर:
चार्जचं राहू द्या. मेनूवर नॉर्वेचा सॅमन, आणि याच शहरात ससून डॉक असताना आमचा बांगडा कुठाय? जपानी लोक बांगड्याचाच भाऊबंद 'साबा' मिठात मुरवून, व्हिनेगरमध्ये ठेवून सुशीवर घालतात. कच्चा सॅमन तर त्यांच्याकडेही जुना नाही. 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला माल खपवायला तो तिथे रुजवला. नॉर्वेचा मासा चालतो, कोळ्याचा चालत नाही.

तृप्ती_म:
दादा, अभिमानावर कच्चा मासा खाता येत नाही. बांगडा जरा उन्हात राहिला की त्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. माझ्या दिरांनी बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि अर्ध्या तासात अंगभर गांधी, चेहरा लालबुंद, रात्री दवाखाना. शिवाय जंत. कच्चा खायचा मासा उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवा, असं अमेरिकेचं अन्न खातं सांगतं. आपल्या होडीवर आहे ती सोय?

डोलकर:
तुमचे दीर शिजवलेला बांगडा खाऊन आजारी पडले, मग दोष कच्चेपणाचा कसा? दोष बर्फाचा! मोठे ट्रॉलर कित्येक दिवसांचा माल एकावर एक रचून आणतात. माझे वडील पहाटे जाऊन दुपारच्या आत परत यायचे. डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं तर खळगा राहायचा नाही. असा मासा हवा तर होडीवाल्याला बर्फ आणि भाव द्या. कुठल्या रेस्टॉरंटवाल्याने किनाऱ्यावर येऊन विचारलंय? फोन करून गोठवलेला माल मागवायचा आणि ताजा म्हणून वाढायचा.

निशिगंध:
आवाज चढवू नका. गोठवलेला म्हणजे वाईट, हे कुणी ठरवलं? जपानचा कितीतरी ट्यूना बोटीवरच उणे 60 अंशांच्या आसपास गोठवतात. ताजा म्हणून खोटं विकू नये, एवढं तुमचं बरोबर.

तृप्ती_म:
बर्फाचंही बरोबर असेल. तरी तो बांगडा आधी गोठवल्याशिवाय मी माझ्या मुलांना देणार नाही.

पैपै:
काउंटरला बसून बघेन एकदा. पण सर्व्हिस चार्ज काढल्याशिवाय बिल भरणार नाही, आणि वांद्र्याचं भाडं माझ्या ताटातून वसूल होतं, हे कुणीच खोडलेलं नाही.

निशिगंध:
भाडं बिलात असतंच, कोण नाही म्हणतंय?

डोलकर:
निशिगंधताई, तुमची त्या शेफशी ओळख दिसते. 31 जुलैला यांत्रिक बोटींवरची पावसाळी मासेमारीबंदी संपते. नंतर बांगडा लागला की त्याला मागवायला सांगा, मी होडीवाल्याशी बोलतो. तृप्तीताईंसाठी 7 दिवस गोठवूनच.