अनुभव धागा: क्रूझवरून अमेरिकेत परतताना ग्लोबल एंट्री, नेक्सस, एमपीसी यांनी वेळ नेमका कुठे वाचतो?

नेवार्ककर

उन्हाळा आणि नाताळ जवळ आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर फिरतो: "आमच्याकडे ग्लोबल एंट्री आहे, म्हणजे क्रूझवरून उतरताना रांग नाही ना?" याची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. ग्लोबल एंट्री म्हणजे आधीच तपासणी झालेल्या सदस्यांना सीमेवर झटपट सोडणारी अमेरिकेची योजना, नेक्सस तशीच अमेरिका-कॅनडाची, आणि एमपीसी हे माहिती फोनवरून पाठवायचं अ‍ॅप. प्रवासवर्णन आणि किस्से नकोत, त्यासाठी वेगळा विभाग आहे. कोणत्या बंदरावर काय चालतं, कोणता कागद लागतो, कुठे अडतं आणि का, एवढंच लिहा. पासपोर्ट भारतीय की अमेरिकन, ग्रीन कार्ड आहे की व्हिसा, हे आधी सांगा. त्यावर बाकी सगळं ठरतं.

बंदरावरचा बाब्या

आधी उतरण्याच्या सकाळचा क्रम समजून घ्या. जहाज साधारण सहाच्या सुमारास धक्क्याला लागतं. सीबीपीने (अमेरिकेचं सीमा आणि कस्टम्स खातं) परवानगी दिल्याशिवाय एकही प्रवासी खाली जात नाही. मग स्वतःचं सगळं सामान स्वतः ओढत नेणारे सुटतात, त्यांच्यामागून रंगीत किंवा आकडे टाकलेल्या टॅगचे गट. आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या बॅगा खाली टर्मिनलमध्ये लावलेल्या असतात. त्या शोधायच्या, मग इमिग्रेशन आणि कस्टम्स. काही टर्मिनलांत हा क्रम उलटा असतो.

यात वेळ कुठे जातो? लिफ्टपाशी, गँगवेवर आणि बॅगा शोधण्यात. अधिकाऱ्यासमोर फार थोडा. त्यामुळे ग्लोबल एंट्रीने जो भाग लहान होतो, तो मुळातच लहान आहे. विमानतळावर असतात तशी ग्लोबल एंट्रीची यंत्रं बहुतेक क्रूझ टर्मिनलांवर नसतात. मोठ्या बंदरांच्या काही टर्मिनलांत सदस्यांसाठी वेगळ्या रांगेची पाटी लावतात, पण ती उघडायची की नाही हे त्या दिवशी किती जहाजं लागली आहेत आणि किती अधिकारी आहेत यावर ठरतं. पाटी दिसली तर जा, नाही दिसली तर हुज्जत घालू नका. ग्लोबल एंट्रीचं मोबाइल अ‍ॅपही विमानतळांसाठी आहे, बंदरावर त्याच्या भरवशावर राहू नका.

खरंच लवकर बाहेर पडायचं असेल तर एकच उपाय: एका माणसाला जिने उतरून नेता येईल इतकंच सामान आणि 'सेल्फ असिस्ट' गट. याला सदस्यत्वही लागत नाही आणि पैसेही.

तिसरा डेक

बाब्या बरोबर सांगताहेत. थोडी भर घालतो.

बऱ्याच बंदरांवर आता चेहऱ्याचा फोटो काढतात आणि तो जुळला की पुढे सोडतात, कित्येकदा पासपोर्ट उघडावाही लागत नाही. फोटो ताडून बघतात तो त्या जहाजाच्या प्रवासी यादीतल्या लोकांच्या सरकारदरबारी असलेल्या फोटोंशी. ही यादी क्रूझ कंपनी पाठवते, तुम्ही ऑनलाइन चेक-इनमध्ये भरलेल्या माहितीवरून. म्हणून बुकिंगच्या वेळी जुना पासपोर्ट नंबर भरला, मधल्या काळात पासपोर्ट रिन्यू झाला आणि चेक-इनमध्ये बदल केला नाही, तर जुळणी अडते आणि हाताने तपासणीच्या रांगेत जावं लागतं. नवा पासपोर्ट आला की तीन ठिकाणी नंबर बदला: क्रूझ कंपनी, विमान कंपनी आणि टीटीपीचं खातं (ग्लोबल एंट्रीचा अर्ज जिथे करतात ते संकेतस्थळ). टीटीपीमध्ये नवा पासपोर्ट घरबसल्या घालता येतो. नाव किंवा नागरिकत्व बदललं असेल तर मात्र एनरोलमेंट सेंटरला जावं लागतं.

टोपी, गॉगल काढा. लहान मुलाला कडेवर घ्या. सांगायची गोष्ट नव्हे, पण रांग तिथेच तुंबते.

डेटाप्लॅन

एमपीसी, म्हणजे मोबाइल पासपोर्ट कंट्रोल, याबद्दल. फुकट आहे, मुलाखत नाही, आधी मंजुरी नाही. सीबीपीचंच अ‍ॅप घ्या, त्याच्यासारखी दिसणारी पैसे मागणारी अ‍ॅप्स घेऊ नका. मायामी आणि पोर्ट एव्हरग्लेड्स या बंदरांवर चालतं. जहाजं घेणारं प्रत्येक बंदर यादीत नाही, निघण्याआधी अ‍ॅपमध्ये बंदराचं नाव येतंय का बघा.

कोणाला चालतं: अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक, बी-१/बी-२ वर (कामकाजासाठी किंवा फिरायला) येणारे कॅनडाचे नागरिक, आणि व्हिसा वेव्हर देशांचे पूर्वी येऊन गेलेले प्रवासी. भारतीय पासपोर्टवर एच-१बी (नोकरी), एफ-१ (शिक्षण) किंवा बी-२ (पर्यटन) व्हिसा असेल तर नाही.

पासपोर्टची माहिती घरूनच भरून ठेवा. कुटुंबाचं एकच प्रोफाइल करून एकदाच पाठवता येतं. प्रश्नांची उत्तरं आणि फोटो मात्र जहाज धक्क्याला लागल्यावरच पाठवायचे. समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं सेल्युलर नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. किनाऱ्याचं नेटवर्क आलं की मग सुरू करा.

सागरगोटा

आई-बाबा बी-२ वर आले आहेत. आमच्या दोघांकडे ग्लोबल एंट्री आहे. त्यांना आमच्याबरोबर त्या रांगेत नेता येईल का?

बंदरावरचा बाब्या

नाही ताई. सदस्यत्व प्रत्येकाचं वेगळं. अगदी तान्ह्या मुलाचंही स्वतंत्र लागतं. १८ वर्षांखालच्यांची फी माफ आहे, पालक सदस्य असेल किंवा बरोबरीने अर्ज करत असेल तर, पण अर्ज आणि मुलाखत चुकत नाही. एकजण जरी सदस्य नसेल तरी सगळ्यांनी साध्या रांगेत एकत्र उभं राहणं सोयीचं. आई-बाबांना इंग्रजीत उत्तरं द्यायला अवघड वाटत असेल तर तुम्ही शेजारी असलेलं बरं. एका पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाला कस्टम्सची माहितीही एकत्र देता येते.

त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे आणि परतीच्या तारखेला चालू आहे, एवढं नक्की बघा. कॅरिबियनला जाऊन आल्यावर नवे सहा महिने मिळतील असं धरू नका.

एल-वन ते ग्रीन

ग्लोबल एंट्रीपेक्षा महत्त्वाचं सांगते, कारण इथे चूक झाली तर रांगेचा प्रश्नच उरत नाही.

पासपोर्टमधला व्हिसा स्टँप संपलाय, पण आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) चालू आहे, अशी एच-१बीवाली मंडळी 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन'च्या (छोट्या प्रवासानंतर संपलेल्या व्हिसावर परत येऊ देणारी सवलत) जोरावर क्रूझ बुक करतात. हा नियम असा: सर्वसाधारण नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिको, तेही ३० दिवसांपर्यंत. बहामास, जमैका, बर्म्युडा ही 'लगतची बेटं' फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना चालतात, आणि त्यातूनही क्यूबा वगळलेला आहे. म्हणजे मायामीहून नसाऊची तीन दिवसांची क्रूझ एफ-१ विद्यार्थ्याला जमते, त्याच घरातल्या एच-१बीवाल्या दादाला नाही.

गॅल्व्हस्टनहून निघणाऱ्या क्रूझांची वेगळी गंमत. कोझुमेल, प्रोग्रेसो, कोस्टा माया ही सगळी मेक्सिकोत, तेवढीच ठिकाणं असतील तर एच-१बीला नियमात बसतं. पण त्याच मार्गावर अनेकदा होंडुरासचं रोआतान किंवा बेलीझ असतं. ते शेजारचे देशही नाहीत आणि कायद्यातल्या लगतच्या बेटांच्या यादीतही नाहीत. रोआतान बेट असूनही यादीत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तिथे एफ-१ सुद्धा अडकतो. वादळ आलं की जहाज मार्ग बदलतं हेही धरा. म्हणून माझं स्पष्ट मत: स्टँप संपलेला असेल तर क्रूझ नकोच.

तरी जाणारच असाल तर आय-९४ची छापील प्रत, आय-७९७ (मंजुरीची नोटीस), जुना व्हिसा असलेला पासपोर्ट आणि नियमाची प्रत बरोबर ठेवा. अडवणूक परतताना होण्याआधी निघतानाच होते, कारण चेक-इन काउंटरवरच्या माणसाला 'व्हिसाची तारीख गेली' एवढंच दिसतं. प्रवासात असताना नव्या व्हिसाचा अर्ज केला तर ही सवलत जाते.

परत आल्यावर त्याच आठवड्यात आय-९४ ऑनलाइन काढून बघा. पासपोर्ट आधी संपत असेल तर मुदत त्या तारखेपर्यंतच मिळालेली असू शकते.

बोरकूट

आता खाण्यापिण्याचं. ग्लोबल एंट्री मिळवायला जेवढा खटाटोप, तेवढी ती सहज जाते. शेवटच्या सकाळी बुफेवरून मुलांसाठी उचललेलं सफरचंद किंवा हॅम सँडविच पिशवीत राहतं, टर्मिनलमध्ये बीगल कुत्रा शेजारी येऊन बसतो आणि 'काही खाण्याचं नाही' असं तुम्ही आधीच सांगितलेलं असतं. जहाजावरचं फळ अमेरिकेतूनच भरलेलं असलं तरी ते परत आणता येत नाही. घरच्या वापरासाठी आणणाऱ्या प्रवाशाला दंड १,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो, आणि कस्टम्सचं उल्लंघन म्हणून सदस्यत्व रद्द होऊ शकतं, तो खरा फटका. सांगून टाकलंत तर फार तर वस्तू कचऱ्यात जाते. सुका मसाला, चॉकलेट, भाजलेली कॉफी साधारणपणे चालते, पण सांगायची. ताजी फळं, मांस, रोपं, माती नाही. गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी बंदरावर केंद्राचा कायदा लागतो, गोळीच्या किंवा तेलाच्या रूपातही आणू नका.

दारू: एरवी माणशी ८०० डॉलरच्या सवलतीत १ लिटर. कॅरिबियन सवलतीच्या यादीतल्या देशात तयार झालेली एक लिटर त्यात असेल तर २ लिटर. यूएस व्हर्जिन आयलंड्सवरून, म्हणजे सेंट थॉमसवरून, सवलत १,६०० डॉलर आणि ५ लिटर, पण त्यातली किमान १ लिटर तिथेच तयार झालेली हवी. पावत्या एका पाकिटात ठेवा. जहाजावरच्या दुकानातली ड्यूटी-फ्री बाटलीही या हिशोबात धरतात, हे विसरू नका. २१ वर्षांखालच्यांच्या नावावर बाटली नाही. क्यूबन सिगार सप्टेंबर २०२० पासून अजिबात नाहीत.

रोकड १०,००० डॉलरच्या वर असेल तर फॉर्म भरायचा, आणि कुटुंबाची मिळून बेरीज धरतात.

चहाबाज सिएटल

अलास्कासाठी थोडक्यात. सिएटलहून निघणारी परदेशी झेंड्याची जहाजं अमेरिकेच्या १८८६च्या प्रवासी जहाज कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदर घेतात, बहुतेक वेळा व्हिक्टोरिया. ते कॅनडात आहे. भारतीय पासपोर्टवर बी-२ ने आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधी काढा. ग्रीन कार्डधारकांना पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पुरतं. व्हँकूव्हरहून निघत असाल तर अमेरिकेची तपासणी कॅनडा प्लेसला जहाजात चढण्याआधीच होते.

नेक्ससचं कार्ड अमेरिकन किंवा कॅनडाचे नागरिक आणि दोन्हीकडचे कायमचे रहिवासी काढू शकतात. एच-१बीवर मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून फी ५० वरून १२० डॉलर झाली, ग्लोबल एंट्रीही तेवढीच. 'नेक्सस स्वस्तात पडतं' हा जुना सल्ला आता सोडा.

कोथरूड ते कॅरी

भारतीय नागरिकांना ग्लोबल एंट्री २०१७ पासून मिळते, ग्रीन कार्डची अट नाही. पायऱ्या: टीटीपी संकेतस्थळावर अर्ज, १२० डॉलर (नाकारलं तरी परत नाहीत, अनेक क्रेडिट कार्डं भरून देतात), भारताकडून पडताळणीसाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर वेगळा अर्ज, सशर्त मंजुरी, मग मुलाखत. मुलाखतीसाठी अपॉइंटमेंट मिळत नसेल तर परदेशातून विमानाने परतताना 'एनरोलमेंट ऑन अरायव्हल' (उतरल्यावर विमानतळावरच मुलाखत) वापरा. सगळं मिळून महिन्यांचं काम आहे. क्रूझ पुढच्या महिन्यात असेल तर या वेळेपुरतं विसरा. सदस्यत्व ५ वर्षांचं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून रिन्यू करता येतं, आणि मुदतीत अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत २४ महिन्यांपर्यंत फायदे चालू राहतात.

आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त अडतं ते नावात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, विमान तिकिटावर फक्त पहिलं नाव, आणि टीटीपीत वडिलांचं नाव मधल्या रकान्यात. मग प्रीचेक (सदस्यत्वाबरोबर मिळणारी विमानतळावरची झटपट सुरक्षा रांग) बोर्डिंग पासवर येत नाही आणि लोक सदस्यत्वाला दोष देतात. तिकिटावर टीटीपीत आहे तसंच नाव आणि जन्मतारीख घाला. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर क्रूझचं बुकिंगही त्याच नावाने करा.

आणि हो, ग्लोबल एंट्रीचं कार्ड अमेरिकन नागरिकाला समुद्रमार्गे परतताना पासपोर्टऐवजी दाखवता येतं. भारतीय नागरिकाला नाही, त्याला पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड किंवा व्हिसा लागतोच.

तिसरा डेक

नावावरून आठवलं. क्रूझच्या दिवशी सदस्यत्वाचा खरा उपयोग बंदरावर नसून त्यानंतरच्या विमानतळावर होतो. रविवारी सकाळी दोन-तीन जहाजं रिकामी झाली की फोर्ट लॉडरडेल आणि ऑरलँडोची सुरक्षा रांग बघवत नाही. तिथे प्रीचेक कामाला येतं. कार्डाच्या मागचा पासआयडी (सदस्य क्रमांक) हा विमान तिकिटात केटीएन (नोन ट्रॅव्हलर नंबर) म्हणून भरायचा. क्रूझ कंपनीकडून विमानाचंही बुकिंग केलं असेल तर तो बहुतेक भरलेला नसतो, विमान कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतः घाला.

अंतरं वेगवेगळी आहेत. पोर्ट एव्हरग्लेड्सपासून विमानतळ काही मिनिटांवर, पोर्ट कॅनाव्हेरल ते ऑरलँडो सुमारे तासभर, गॅल्व्हस्टनहून ह्यूस्टनचं हॉबी विमानतळ जवळ आणि दुसरं, आयएएच, बरंच लांब. दुपारी बाराच्या आधीचं विमान घेऊ नका, ग्लोबल एंट्री असली तरी. जहाज धुक्यात थांबलं तर कोणतंही कार्ड उपयोगाचं नाही.

बाटल्या चेक-इन बॅगेतच टाका, केबिन बॅगेत सुरक्षा तपासणीला काढून घेतात.

सागरगोटा

सगळ्यांचे आभार. आई-बाबा नंतर मुंबईला परतणार आहेत. भारताकडे असं काही आहे का?

कोथरूड ते कॅरी

आहे. एफटीआय-टीटीपी, म्हणजे भारताची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना. नोंदणी केलेले लोक रांगेऐवजी ई-गेटमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या दारातून जातात. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक दोघांनाही मिळतं. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज, मग एफआरआरओ (परदेशी नागरिक नोंदणी) कार्यालयात किंवा विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. अर्ज करताना पासपोर्ट किमान ६ महिने चालू असावा, पण बाबांचा वर्षभरात संपत असेल तर आधी तो रिन्यू करून घ्या, नाहीतर नोंदणी त्याच्याबरोबर संपेल. हे ई-गेट विमानतळांवर आहेत, बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलसाठी नाहीत. अर्थात मुंबई-गोवा क्रूझला इमिग्रेशन लागतच नाही.