विषय: भाचीची सीईटी, हातात दोन महिने

प्रेषक: टोरांटो (मूळ गाव सांगली, गावभाग)

नमस्कार मंडळी,

आज मंडळाच्या या लिस्टवर मंडळाच्या कामाचं नाही, घरचं विचारतोय. थोरल्या बहिणीची मुलगी सांगलीत असते. चिंतामणराव कॉलेजातून बी.कॉम. झाली आणि आता मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. यंदा एमबीएच्या प्रवेशाची राज्याची परीक्षा, सीईटी, द्यायचं तिने मनावर घेतलंय. फॉर्म भरलाय, परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला.

दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नोकरी सोडणं घराला परवडणारं नाही आणि क्लाससाठी पुण्याला जाऊन राहणं त्याहून नाही. तिने गणिताचं एक जाडजूड पुस्तक आणलंय आणि पहिल्या धड्यापासून सोडवायला घेतलंय. पंधरा दिवस झाले तरी पहिलाच धडा चालू आहे. काल फोनवर म्हणाली, "मामा, या वेगाने गेले तर पुस्तक दिवाळीत संपेल."

पोरगी हुशार आहे आणि कष्टाळू आहे. तुमच्यापैकी ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा: दोन महिन्यांत काय करावं आणि काय सोडून द्यावं?

---

प्रेषक: लंडन (मूळ गाव मिरज)

दादा, तिला ते पुस्तक आजच मिटून ठेवायला सांगा.

मी याच परीक्षेतून एमबीए केलं, तेही नोकरी सांभाळून, म्हणून अधिकाराने सांगते. वेळ कमी असला की अभ्यासक्रमाकडे बघायचं नसतं, पेपरकडे बघायचं. सीईटीचा पेपर असा आहे: एकूण 200 प्रश्न, 150 मिनिटं. त्यात लॉजिकल रीझनिंग (तर्काचे प्रश्न) 75, ॲब्स्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांचे प्रश्न) 25, गणित 50 आणि इंग्रजी 50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

आता हे आकडे नीट बघा. रीझनिंगचे दोन्ही भाग मिळून अर्धा पेपर होतो. गणित पाव पेपर. आणि तिने पंधरा दिवस कशात घालवले, तर त्या पाव पेपरातल्या एका कोपऱ्यात. सगळी मुलं हेच करतात, कारण अभ्यास म्हटला की आपल्याला गणितच आठवतं. शाळेत कोणी रीझनिंग शिकवलेलं नसतं, त्यामुळे तो अभ्यासाचा विषय वाटतच नाही.

दुसरं, 150 मिनिटांत 200 प्रश्न म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. प्रश्न अवघड नसतात, वेळ पुरत नाही. घरी निवांत बसून दहा मिनिटांत सोडवलेलं उदाहरण या परीक्षेत काही कामाचं नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून घड्याळ लावूनच सोडवायचं.

बैठकीच्या प्रश्नांचं सांगते, कारण यात सगळ्यात लवकर फरक पडतो. आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत, कोण कुणाच्या शेजारी ते ओळखा, असा एक मजकूर आणि त्यावर पाच प्रश्न. नवी मुलं पहिल्या ओळीपासून मांडायला सुरुवात करतात आणि तिसऱ्या ओळीला अडकतात. आधी सगळ्या अटी वाचून काढायच्या. 'क हा ख च्या बरोबर समोर' किंवा 'ग हा ख च्या डावीकडून तिसरा' अशी पक्की जागा देणारी अट शोधायची आणि तिथून आकृती धरायची. 'घ हा च च्या शेजारी नाही' असल्या नकारार्थी अटी शेवटी वापरायच्या, उरलेल्या दोन शक्यतांमधली एक बाद करायला. पाच प्रश्नांच्या वाट्याला पावणेचार मिनिटं येतात. दोन मिनिटांत आकृती उभी राहिली नाही, तर अख्खा गट सोडून पुढे जायचं. अर्धी आकृती सोडायला जीव होत नाही, पण ती सवय लावून घ्यावीच लागते. विभागवार वेळेचं बंधन नसल्याने शेवटी परत येता येतं.

आणि शेवटची तीन मिनिटं कोणत्याही परिस्थितीत राखून ठेवायची. जे राहिलं असेल तिथे सरळ एक पर्याय ठोकून द्यायचा. गुण कापत नाहीत तर एकही प्रश्न कोरा कशाला ठेवायचा? चाळीस प्रश्न तसेच टाकून उठणारी मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

येत्या रविवारी तिला पूर्ण वेळेचा एक सराव पेपर द्यायला लावा. तयारी शून्य असली तरी द्यायचा. त्यातून जे दिसेल त्यावरून पुढचं ठरवू.

---

प्रेषक: न्यू जर्सी (मूळ गाव सांगली, विश्रामबाग)

वरच्या पत्रातलं सगळं पटलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मुलगी हुशार आहे म्हणता, मग घाई का? कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या अखेरीस असते. आत्तापासून धरलं तर नऊ-दहा महिने मिळतील. तिथे 120 मिनिटं, तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. बरोबर उत्तराला 3 गुण, पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर 1 वजा. त्या परीक्षेला विचार लागतो, आणि आयआयएमचं दार त्यातूनच उघडतं. दोन महिन्यांत धावाधाव करून काहीतरी पदरात पाडून घेण्यापेक्षा वर्षभर नेटाने तयारी करावी. माझ्या सुनेने तसंच केलं, तिला त्याचा फायदा झाला.

---

प्रेषक: लंडन (मूळ गाव मिरज)

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मी असहमत आहे.

जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था मुंबई विद्यापीठाने 1965 मध्ये सुरू केली, पुणे विद्यापीठाचा एमबीएचा विभाग पुम्बा 1971 चा, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था 1983 ची. सीईटीवर या ठिकाणी प्रवेश मिळतो, आणि आयआयएमच्या तुलनेत फी कितीतरी कमी. अडत दुकानात नोकरी करणाऱ्या मुलीच्या घरी फीचा आकडा पहिल्यांदा बघितला जातो. कर्ज किती काढावं लागेल यावर तिची पुढची सात-आठ वर्षं ठरणार आहेत. त्यामुळे सीईटीला 'काहीतरी पदरात' असं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

शिवाय नोव्हेंबरचा रस्ता बंद होत नाही. रीझनिंग आणि वाचनाचा सराव कॅटला उपयोगी पडेलच. फक्त दोन्हींची सवय एकाच वेळी लावू नये. कॅटमध्ये चुकलेल्या उत्तराची किंमत मोजावी लागते, म्हणून तिथे थांबून निवडायला शिकावं लागतं. सीईटीत भराभर पुढे सरकायला शिकावं लागतं. आत्ता कॅटचे पेपर सोडवायला घेतले तर हात मंदावेल. एप्रिलपर्यंत फक्त सीईटी, हे माझं ठाम मत.

---

प्रेषक: सांगली, विश्रामबाग (पूर्वी मंडळाचे सभासद, आता परत मायदेशी)

लिस्टवरचं नाव अजून काढलेलं नाही याचा आनंद आहे, म्हणून इथलं थोडं सांगतो.

यार्डात नव्या हळदीचे सौदे आता सुरू होतात, आणि मार्चमध्ये आवक जोरात असते. त्यात मार्चअखेरचे हिशेब. म्हणजे परीक्षा जवळ येईल तसा तुमच्या भाचीचा मोकळा वेळ कमी होत जाणार. "शेवटच्या महिन्यात जोर लावू" हा बेत यार्डात काम करणाऱ्याला चालायचा नाही. सगळा जोर फेब्रुवारीत लावावा लागेल आणि मार्चमध्ये फक्त रविवारचे पेपर आणि सकाळचा तास-दीड तास, एवढंच धरावं. मालकांशी आत्ताच बोलून परीक्षेच्या आधीच्या तीन-चार दिवसांची रजा मागून ठेवावी. ऐन सौद्याच्या दिवसांत आयत्या वेळी मागितली तर मिळणार नाही.

घरात शांतता नसेल तर अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी त्या भरलेल्या असतात, पण पहाटे जागा मिळते. लग्नसराई तोंडावर आहे, तेव्हा हे घरच्यांना मामानेच सांगावं: या दोन महिन्यांत तिला कुठल्या लग्नाला, बारशाला ओढू नका. आई-वडिलांना सांगायला जड जातं, परदेशातल्या मामाचं ऐकतील.

आणि कागदपत्रं. अधिवास दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर यांचे अर्ज सेतूत, आणि जात पडताळणीचा अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे, आत्ताच द्यावेत. परीक्षा झाली, चांगले पर्सेंटाइल आले आणि प्रवेश फेरीच्या वेळी दाखला हातात नाही, असं माझ्या शेजारच्या मुलाचं झालं. चांगली जागा गेली त्याची.

---

प्रेषक: टोरांटो (मूळ गाव तासगाव)

इंग्रजीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मुलगी मराठी माध्यमातली असेल तर ते 50 प्रश्न तिला सगळ्यात जास्त घाबरवत असतील. दोन महिन्यांत शब्दांच्या याद्या पाठ करून काही होत नाही. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदात लेखकाला काय म्हणायचंय ते मराठीत एका वाक्यात लिहायचं. मराठीत लिहिता आलं म्हणजे कळलं. उताऱ्यावरच्या प्रश्नांना एवढंच लागतं. व्याकरणाच्या चुका ठरावीक असतात: कर्ता-क्रियापद, काळ, शब्दयोगी अव्ययं. तेवढ्या मी तिच्याकडून करून घेईन.

सांगलीत सकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आपली घड्याळं पुढे गेली की साडेआठ. मला दोन्ही चालेल. आठवड्यातून दोन दिवस ठरवू.

---

प्रेषक: टोरांटो (मूळ गाव सांगली, गावभाग)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारचा पेपर तिने दिला, अभ्यासिकेतून घरी आल्यावर तासभर फोनवर बोललो.

जे निघालं ते मला अनपेक्षित होतं. वेळेत 118 प्रश्नांपर्यंत पोचली. गणितात तिची अडचण बीजगणिताची निघाली. टक्केवारी, नफा-तोटा, सरासरी, मिश्रण यात ती कॉलेजच्या मुलांपेक्षा पुढे आहे, कारण दुकानात रोज पोत्यांचं वजन, क्विंटलचा भाव, अडत आणि हमाली यांचाच हिशेब चालतो. 7,200 चे साडेसदतीस टक्के किती, म्हणून विचारलं तर तिने लगेच 2,700 सांगितलं. आठवा भाग 900, त्याचे तीन. कागदाला हात लावला नाही. दोन आठवडे पहिल्या धड्यात अडकलेली मुलगी हीच, यावर विश्वास बसत नव्हता. त्या पुस्तकाने तिचं जे येतं तेच तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

खरा खड्डा ॲब्स्ट्रॅक्टमध्ये आहे. पंचवीसपैकी सहा बरोबर. आकृत्यांची मालिका दिसली की ती एकदम सगळं चित्र बघत बसते. लंडनच्या ताईंनी काल तिला फोन करून एक युक्ती दिली: एका वेळी एकच घटक धरायचा. आधी फक्त बाण कुठे वळतो ते बघ, मग फक्त ठिपके किती वाढतात ते, मग रंग. बहुतेक वेळा दुसऱ्या घटकालाच तीन पर्याय बाद होतात. रात्री बसून तिने वीस आकृत्या केल्या, चौदा बरोबर आल्या.

तर ठरलंय असं. फेब्रुवारीत रोज सकाळी दोन तास, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ रीझनिंग. गणितात अंकगणित पक्कं करायचं आणि समीकरणांचं जेवढं सहज येईल तेवढंच घ्यायचं. लॉगॅरिदम आणि अवघड भूमिती सोडून दिली. त्या प्रश्नांना शेवटच्या तीन मिनिटांत पर्याय लावायचा. दर रविवारी एक पूर्ण पेपर, आणि सोमवारी सकाळी तो पेपर पुन्हा उघडून, येत असूनही चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवायचे. सांगलीला परतलेल्या काकांच्या सांगण्यावरून रजेचं मालकांशी बोलली, त्यांनी होकार दिलाय. अधिवासाचा अर्ज बुधवारी सेतूत गेला. बहिणीला लग्नांबद्दल मी सांगितलंय. आधी थोडी नाराज झाली, मग म्हणाली, मे महिन्यातल्या लग्नांना दोघी जाऊ.

तासगावच्या ताई, मंगळवार आणि शुक्रवार तुम्हाला जमेल का? तिच्यासाठी तो बुधवार-शनिवार सकाळ होईल. जमत असेल तर तिचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवतो, लिस्टवर टाकत नाही.