जुना लॅपटॉप सुरूच होत नाहीये, लाईट लागतो पण स्क्रीन काळीठिक्कर

प्रश्न

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. २०१३ साली घेतलेला लॅपटॉप आहे, रोज वापरत नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा काढते. परवा चार्जिंगला लावून बटण दाबलं तर पॉवरचा लाईट लागला, पंखा फिरायला लागला पण स्क्रीन मात्र काळीठिक्कर, कंपनीचं नावसुद्धा येत नाही. सात-आठ सेकंदांनी आपोआप बंद, मग आपोआप चालू, परत बंद, असं चाललंय नुसतं. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो. ओळखीतल्या एकाने बघून सांगितलं की मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड गेला, आता भंगारात द्या.

लॅपटॉपचं मला काही नाही हो, पण त्यात मुलीचे पहिल्या तीन वर्षांचे फोटो आहेत आणि माझे बाबा तिला गोष्टी सांगायचे त्याची रेकॉर्डिंग आहेत. बाबा आता नाहीत. दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. काही करता येईल का? मी आजवर लॅपटॉप कधी उघडलेला नाही.

पहिला प्रतिसाद

ताई, आधी मन शांत करा. फोटो आणि रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर असतात, मदरबोर्ड जळून गेला तरी डिस्कवरचं तसंच राहतं. तुमच्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा जोडणीची डिस्क असते, ती काढून यूएसबी केसिंगमध्ये (यूएसबी केबल असलेल्या छोट्या डबीत) टाकली की दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी लागते. त्यामुळे भंगारात तर मुळीच देऊ नका.

फक्त एक गोष्ट आत्ता तपासा. चालू करताना कान लावून ऐका, डिस्कमधून एका लयीत टक टक टक असा आवाज येतोय का? येत असेल तर परत एकदाही चालू करू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं, मग सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडेच. आवाज नसेल तर पुढचं करून बघा: चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेला करंट निघून जातो. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

दुसरा प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. बॅटरी काढाल तेव्हा ती फुगली आहे का तेही बघा, फुगली असेल तर दाबायची नाही, टोचायची नाही, परत लावायची तर नाहीच.

बाकी मला ही लक्षणं रॅमची, म्हणजे कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्टीची वाटतात. नुसती स्क्रीन गेली असती तर लॅपटॉप आतून चालू राहिला असता, टॉर्च तिरका मारला की पुसट चित्र दिसतं अशा वेळी. तुमचा बंद-चालू बंद-चालू होतोय म्हणजे तो सुरुवातीच्या तपासणीतच अडकतोय, आणि तिथे अडकायचं सगळ्यात कॉमन कारण रॅम. कॅप्स लॉक किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा, बऱ्याच कंपन्या त्यातून बिघाड सांगतात पण प्रत्येकीचा हिशेब वेगळा, म्हणून तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा.

रॅम काढणं अवघड नाही. चार्जर आणि बॅटरी काढून लॅपटॉप पालथा करा, जुन्या मॉडेलना बहुधा खाली एक छोटं झाकण असतं, एक-दोन स्क्रू. हात लावायच्या आधी कुठल्यातरी धातूच्या वस्तूला स्पर्श करा. रॅमच्या दोन्ही बाजूंना छोट्या क्लिपा असतात, त्या बाहेर सारल्या की रॅम स्वतःच तिरकी उठते, मग ओढून घ्यायची. सोनेरी दात काळपट झाले असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबरने हलकेच घासा, चुरा नीट झटका, स्लॉटमध्ये चुरा अजिबात पडू देऊ नका. बसवताना तिरकीच आत पूर्ण सारायची आणि खाली दाबायची, टक असा आवाज आला की बसली. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून बघा, दोन्ही स्लॉटमध्ये. घाईघाईत दोन्ही घासून एकदम लावल्या तर नक्की दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

तिसरा प्रतिसाद

मी तुमच्या जागी असते तर हे सगळं नंतर, आधी डिस्क बाहेर काढून कॉपी. लॅपटॉप काय, आज ना उद्या होईल दुरुस्त. डिस्क दुसरीकडे लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) आहे, ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आणि डिस्क फॉरमॅट करू का असं विचारलं तर काहीही झालं तरी नाही म्हणा.

अजून एक, कोणी मदरबोर्डला हेअर ड्रायरने गरम करा म्हणालं तर कृपया ऐकू नका. कधीकधी दोन दिवस चालतो आणि मग कायमचा जातो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. आज दुपारी बसले. डिस्कचा टकटक आवाज नाही. बॅटरी फुगलेली नाही. तीस सेकंदांचा उपाय करून काही फरक पडला नाही. मग खालचं झाकण उघडलं, चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, एका पट्टीचे दात खरंच चहूकडून काळे. घासली, एकटीच लावली, तेच पुन्हा, बंद-चालू. दुसरा स्लॉट, तरीही तेच. मग ती काढून दुसरी लावली आणि बटण दाबून हात बाजूला घेतला तर कंपनीचं नाव आलं!! मला खरंच रडू आलं. नंतर तारीख-वेळ चुकीची आहे, एफ१ दाबा असा मेसेज आला, तारीख १ जानेवारी २०१३ दाखवतोय. एफ१ दाबलं, चालू झाला, हळू आहे पण चालू आहे. आता काय करू, बंद करू का?

पहिला प्रतिसाद (पुन्हा)

बंद करू नका! आत्ताच्या आत्ता कॉपी करा. आधी रेकॉर्डिंग, मग फोटो, बाकीचं राहिलं तरी चालेल. एका ड्राइव्हवर नाही, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मधल्या मधल्या फाइल उघडून बघा, नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल चांगली असं नसतं.

तारखेचं विचाराल तर तो बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग आणि घड्याळ जपणारा सेल संपलाय, सीआर२०३२, तीन व्होल्टचा गोल चपटा, काही लॅपटॉपमध्ये वायर आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेला येतो म्हणून काढून बघून तसाच घ्या. त्याने जीव अडलेला नाही, निवांत बदला.

मूळ प्रश्नकर्ती

झालं. फोटो सगळे आहेत. रेकॉर्डिंग अकरा निघाली, मला सात-आठच आठवत होती. सगळी उघडून ऐकली. एकात गोष्ट सांगता सांगता बाबा मधेच विचारतात, माझा चष्मा कुठे ठेवलास गं, आणि मुलगी हसते, हे मी पार विसरले होते. दोन ड्राइव्हवर घेतलंय, एक बहिणीकडे देणार.

एका पट्टीवर फारच हळू चालतोय, तर दुसरी रॅम कुठलीही घेतली तर चालेल का?

दुसरा प्रतिसाद (पुन्हा)

कुठलीही नको ताई. चालू असलेल्या पट्टीच्या स्टिकरवर बघा, पीसी३ लिहिलंय की पीसी३एल. एल असेल तर ती १.३५ व्होल्टची आहे, तेव्हा एलवालीच घ्या, काही लॅपटॉप १.५ व्होल्टच्या साध्या पट्टीवर चालूच होत नाहीत आणि मग परत तीच काळी स्क्रीन बघून जीव घाबरा होईल. लॅपटॉपची पट्टी छोटी असते, डेस्कटॉपची लांब बसणारच नाही. नवीन लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून ठेवा, एक जरी एरर आली तरी परत करा.