मेल पाठवला, पण पोचला का? स्टार्टअपमधले अनुभव

बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीत मी मेल पाठवणारी यंत्रणा सांभाळतो. शाळांच्या फीच्या पावत्या पालकांपर्यंत पोचवायच्या, हे आमचं मुख्य काम. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले: दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्याच कंपनीने पाठवलाय का, हे पडताळायच्या पद्धती) तिन्ही हवेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. आमच्याकडे तिन्ही होतं. तरी ऐन जूनमध्ये पावत्या स्पॅममध्ये पडू लागल्या आणि शाळांचे फोन सुरू झाले.

शेवटी घोळ डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या यादीतल्या, आमच्या नोंदीत सापडला. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कुणी मेल पाठवायचे याची तिथली यादी. ती तपासताना समोरचा सर्व्हर जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसला विचारतो. अकराव्यांदा विचारावं लागलं की तपासणीच बाद. आमच्या नोंदीत विक्रीचं टूल, एचआरचं टूल, न्यूजलेटरचं टूल असं एकेक 'इन्क्लूड' (या टूललाही मेल पाठवू द्या, अशी ओळ) वर्षानुवर्षं चढत गेलं होतं. त्यातली काही टूलं तर केव्हाच बंद केलेली. ती काढली, जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवर (आमच्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) नेले, तेव्हा कुठे पावत्या हळूहळू इनबॉक्समध्ये यायला लागल्या. स्टार्टअपमध्ये नवं टूल घ्यायला सगळे तयार असतात, जुनं काढण्याचं काम कुणाच्याच नावावर नसतं. तुम्हीही तुमचे अनुभव सांगा. टूल कुठलंही चालेल, कंपनीचं नाव मात्र नको.

*

मी दूध संकलन केंद्रांच्या ॲपसाठी सपोर्टला आहे. आमचे सगळे मेल आधी 'नो-रिप्लाय'वरून जायचे. ज्यांच्या पैशांचा हिशोब आपण पाठवतो, त्यांना उत्तर द्यायची सोयच नसावी हे मला पटेना. बरेच महिने पाठपुरावा केला, तेव्हा तो पत्ता बदलला.

मग संगमनेरकडच्या एका केंद्रचालक काकांचा मेल आला. 'स. न. वि. वि.'पासून 'कळावे'पर्यंत रीतसर पत्र, सोबत मशीनच्या स्लिपचा फोटो. स्लिपवर फॅट ३.८, आमच्या मेलमधल्या तक्त्यात ४. पैसे ३.८ नेच धरलेले, म्हणजे रक्कम बरोबर होती. फक्त तक्ता बनवताना आकडा जवळच्या पूर्णांकावर जात होता. पण शेतकरी तक्ता बघून काकांच्या दारात उभे: "फॅट ४ लागलंय, मग दर कमी का?" गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ठरतो आणि पुढे पॉइंटापॉइंटाला बदलतो, तेव्हा त्यांचं विचारणं रास्तच होतं. आमच्या टेस्टिंगमध्ये हे कुणालाच दिसलं नव्हतं. डेव्हलपरने त्याच दिवशी दुरुस्ती केली. काकांना मी उत्तरही तसंच लिहिलं, 'सा. न. वि. वि.' घालून.

*

वरच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही ग्रामीण भागातल्या ग्राहकांना हप्त्याच्या तारखेचे एसएमएस पाठवतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत एका मेसेजला ७०. त्यातही 'क्ष' लिहिला की तीन मोजले जातात: क, हलन्त, ष. त्यामुळे मराठी मेसेज दोन-तीन तुकड्यांत जायचा आणि बिल तितक्या पटीने. "इंग्रजीच ठेवू" असं ठरत आलं होतं. आमच्या टीममधल्या एकीने मजकूरच नव्याने लिहिला. 'आपणांस सूचित करण्यात येते की' गेलं. 'हप्ता ₹१,२५० ५ तारखेपर्यंत भरा' राहिलं. ७० च्या आत बसलं, आणि वाचायलाही सोपं झालं. मग डीएलटीवर (कंपन्यांच्या एसएमएसचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायची यंत्रणा) टेम्पलेट पुन्हा मंजूर करून घ्यावं लागलं, पण मराठी टिकली.

*

बर्लिनहून. आमची निम्मी टीम पुण्यात आहे. इथे सकाळी साडेनऊची मीटिंग म्हणजे उन्हाळ्यात तिकडे दुपारचा एक, हिवाळ्यात घड्याळं बदलली की दोन. पुण्यातल्यांचं जेवण दर हिवाळ्यात तासभर पुढे जायचं आणि इथे कुणाला पत्ता नसायचा. आता ती मीटिंगच नाही. ज्याने त्याने काम संपवताना चार ओळींचा मेल लिहायचा. मला हे फार आवडलं.

*

माझा अनुभव कडू आहे. कंपनीचा निधी संपला. एका शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांची खाती बंद झाली, सोमवारी मेल उघडेना. पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, वाढीचं पत्र, सगळं त्यातच. माझ्या एका सहकाऱ्याचं गृहकर्ज मंजुरीच्या टप्प्यावर होतं, बँक तीन महिन्यांच्या स्लिपा मागत होती आणि द्यायला कंपनीत माणूसच उरला नव्हता. कापलेला कर आयकर पोर्टलवर २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक) दिसला, पीएफचं पासबुक यूएएनवरून (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) मिळालं, बँकेची पगाराची एंट्री होती. त्यावर कसंबसं भागलं. नेमणुकीचं पत्र मात्र आजतागायत मिळालेलं नाही. नोकरीत रुजू होताय त्यांनी पहिल्याच महिन्यापासून स्लिप आणि पत्रं डाउनलोड करून स्वतःकडे ठेवा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) आला की लगेच उतरवून घ्या, आणि यूएएनला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडलाय ना हे आजच बघा.