मदत हवी आहे: १४ वर्षांच्या भाचीसाठी टीन रोमान्स कसं निवडू?

भाचीला इंग्रजी टीन रोमान्स वाचायचंय. मला माहितीये ते म्हणजे २००५ चं ट्वायलाइट, नंतर २०१२ चं द फॉल्ट इन अवर स्टार्स, त्या वेळी पुस्तक टीनएजर्ससाठी आहे हे दुकानातल्या कप्प्यावरूनच कळायचं. आता बुकटॉकमुळे (टिकटॉकवरचे पुस्तकांबद्दलचे व्हिडिओ) फेक डेटिंग, एनिमीज टू लव्हर्स असल्या लेबलांवर पुस्तकं खपतात आणि मोठ्यांच्या रोमान्सलाही तीच गुलाबी कव्हरं, तीच कार्टून जोडपी! परवा असंच एक आणलं, मागे वयाचा उल्लेख नाही, मधलं पान उघडलं तर थेट बेडरूम, तिच्या हातात जायच्या आत परत केलं.

गुडरीड्स ही वाचकांच्या रिव्ह्यूंची साइट पाहिली पण तिथले टॅग वाचकच लावतात, यंग अ‍ॅडल्ट आणि न्यू अ‍ॅडल्टची सरमिसळ असते, म्हणजे टीनएजर्सची आणि १८ च्या पुढच्यांची पुस्तकं एकत्रच. कॉमन सेन्स मीडिया या पालकांसाठीच्या साइटवर वय दिसतं, पण मला हवी ती सगळी पुस्तकं तिथे सापडली नाहीत. हार्टस्टॉपर हे टीन प्रेमकथेचं कॉमिक तिचं वाचून झालंय, खूप आवडलं. मराठीत बोकीलांची शाळा पण झाली.

प्रेम नको असं अजिबात नाही, उलट पहिल्या प्रेमातली धडधड असावीच, फक्त मुलगा पझेसिव्ह वागतो म्हणजे खरं प्रेम, असलं नको. पेपरबॅक, ५०० च्या आत, किंडल नाहीये.

विकत घ्यायच्या आधी पुस्तक नक्की कोणत्या वयासाठी आहे हे तुम्ही कुठे आणि कसं तपासता?