हातातली तुटलेली नस पुन्हा वाढते, मग मज्जारज्जूतली का वाढत नाही?

रानवारा:
माझ्या मामेभावाची कोपराजवळची नस काच लागून तुटली होती. शस्त्रक्रियेने ती जोडल्यावर काही महिन्यांनी करंगळीत मुंग्या येऊ लागल्या आणि आता स्पर्शही थोडाफार कळतो. आमच्या वाडीतले एक काका मात्र आंब्यावरून पडले, मज्जारज्जूला इजा झाली आणि इतक्या वर्षांत त्यांच्या पायांत काहीच फरक पडलेला नाही. दोन्हीकडे मज्जातंतूच तुटले असतील, तर एक वाढतो आणि दुसरा का वाढत नाही? वयाचे कारण द्यावे, तर दोघेही प्रौढच आहेत.

सूक्ष्मदर्शी:
हातापायांतील तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते व ते ‘श्वान’ (Schwann) नावाच्या आधारपेशी तयार करतात. तंतू तुटला की पुढचा भाग नष्ट होतो. मग याच पेशी नेहमीचे काम सोडून भक्षक पेशींच्या मदतीने मायलिनचे अवशेष उचलतात, वाढीला पोषक प्रथिने स्रवतात आणि जुन्या मार्गावर रांग धरून नव्या अंकुराला वाट दाखवतात. मेंदूत व मज्जारज्जूत हे वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींचे असते. तेथे अवशेष दीर्घकाळ पडून राहतात आणि मायलिनमधील ‘नोगो-ए’सारखी प्रथिने अंकुराचे टोक थोपवून धरतात. झुरिचचे मार्टिन श्वाब यांनी 1980च्या दशकापासून याचा पाठपुरावा केला.

परिसराचे महत्त्व दाखवणारा प्रयोग डेव्हिड आणि अग्वायो यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी उंदराच्या पायातील नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा एरवी न वाढणारे तंतू त्या तुकड्यातून सुमारे 30 मिलिमीटर वाढले. पलीकडे मज्जारज्जूत शिरताच मात्र ते थोड्याच अंतरावर थांबले.

दुसरी_बाजू:
सूक्ष्मदर्शी यांचे म्हणणे बरोबर आहे, पण सगळा दोष परिसराला देता येणार नाही. कण्याशेजारच्या संवेदी पेशीचेच उदाहरण घ्या: तिची एक शाखा त्वचेकडे जाते, दुसरी मज्जारज्जूतून वर. त्वचेकडची शाखा तुटली, तर पेशीकेंद्रातील वाढीची जनुके जागी होतात. मज्जारज्जूतली तुटली, तर ती जवळपास स्वस्थ राहतात. विशेष म्हणजे त्वचेकडची शाखा आधी तोडून ठेवली, तर नंतर तुटलेली आतली शाखाही काही अंतर वाढते, म्हणजे परिसर तोच असूनही केवळ पेशीची तयारी बदलल्याने निकाल बदलतो.

वयाचा मुद्दा येथे येतो. गर्भावस्थेत हे तंतू झपाट्याने वाढतात. जोडण्या पक्क्या झाल्यावर पेशी ती यंत्रणा बंद करते. 2008 मध्ये संशोधक झिगांग हे (Zhigang He) यांच्या बोस्टनमधील गटाने प्रौढ उंदरांच्या नेत्रपटलातील पेशींमधून वाढीला लगाम घालणारे ‘पीटेन’ हे जनुक काढले, तेव्हा नेत्रतंतू चिरडल्यानंतरही बरेच तंतू पुन्हा वाढले, आणि तेही अडथळा आणणारी प्रथिने जागच्या जागी असताना. जखमेवरच्या व्रणालाही वर्षानुवर्षे खलनायक ठरवले गेले. पण 2016 मध्ये सोफ्रोन्यू यांच्या गटाने उंदरांत तो तयार होऊ दिला नाही, तरी तंतू वाढले नाहीत. त्यामुळे एकच अडसर दूर करणाऱ्या उपायाकडून मी फारशी अपेक्षा ठेवत नाही.

रानवारा:
दोघांचेही आभार. भावाचा हात पूर्ण सुधारायला किती काळ लागेल? आणि काकांना कोणीतरी स्टेम सेलची इंजेक्शने सुचवली आहेत, ती घ्यावीत का?

हस्तोपचार:
जोडलेल्या नसेतील तंतू साधारण दिवसाला 1 मिलिमीटर वाढतात. कोपरापासून तळहाताच्या लहान स्नायूंपर्यंतचे अंतर पाहता वर्षभराचा काळ सहज जातो, आणि दीड वर्षापर्यंत तंतू न पोहोचलेला स्नायू आक्रसून बराचसा निकामी होतो. म्हणून करंगळीला स्पर्श कळूनही बोटे फाकवण्याची ताकद कमी राहू शकते. तपासणीत नसेच्या मार्गावर बोटाने हलके टिचकतात. ज्या ठिकाणी टिचकल्यावर करंगळीत झिणझिण्या जातात, तेथवर तंतूची टोके पोहोचलेली असतात. ती जागा दर भेटीत पुढे सरकते आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. तोवर सांधे आखडू नयेत यासाठी व्यायाम चालू ठेवावा.

मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा प्रस्थापित उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. त्यामुळे चाचणीच्या नोंदणीचे कागद आधी मागावेत, आणि त्यासाठी पैसे मागितले जात असतील तर नकार द्यावा. काकांच्या बाबतीत लघवीचा निचरा, पाठीवर व नितंबांवर जखमा होऊ नयेत म्हणून नियमित कूस बदलणे आणि खांद्यांची ताकद टिकवणे, याकडे लक्ष व खर्च वळवावा.